नजरकैदेतला जंतू

आमच्या शेजारच्या जमादारकाकांना सर्दी कधी होत नाही. त्यांच्या नाकात ‘बेकायदा जमाव’ जमतो. ताप आला की ते सांगतात, आत लाठीचार्ज चालू हाय. आणि कुणी सहज तब्येत विचारली, की पोट आत ओढून एकच उत्तर: “बंदोबस्त चोख.”

परतूरला स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमची दोन घरं भिंतीला भिंत लागून आहेत. मी घरी शिवणकाम करते. माझी मशीन खिडकीशी आणि खिडकीसमोर काकांचा ओटा, त्यामुळं त्यांच्या घरातलं सगळं मला ऐकू येतं. जे ऐकू येत नाही ते मी उठून जाऊन ऐकते, खोटं कशाला बोलू? काका पोलिसात होते, जमादार म्हणून रिटायर झाले. आष्टीला वडिलोपार्जित शेती आहे, ती धाकटा भाऊ बघतो. काका कधी तिकडं गेलेच तर पिकात हिंडत नाहीत, बांधावरून गस्त घालतात. चुकार शेळी दिसली तर तिलासुद्धा आधी नाव-गाव विचारतात, असं भाऊ शपथेवर सांगतो.

गेल्या साली काकूंना खोकला लागला. आल्याचा रस झाला, ओव्याची पुरचुंडी झाली, कुणाकुणाचे काढे झाले, खोकला काही हटेना. काकू वाळत चालल्या. त्यांचे ब्लाउज मी दोनदा आत घेतले आणि दुसऱ्यांदा मात्र काकांना जाऊन सांगितलं की आता दवाखाना करा. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. टीबी निघाला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाई चांगल्या. त्यांनी काकांना समोर बसवून हा जंतू अंगात शिरला की शरीर काय काय करतं ते निवांत समजावून सांगितलं. काकांनी मान डोलवत ऐकून घेतलं आणि घरी येईपर्यंत त्याचं पार पोलीस ठाणं करून टाकलं. संध्याकाळी ओट्यावर मला बसवून सगळा प्रकार ऐकवला.

तर म्हणे, छातीत पांढऱ्या पेशींतले दांडगे शिपाई कायम पहाऱ्यावर असतात. परका दिसला की धरायचा आणि गिळायचा, एवढाच त्यांचा कायदा. दुसरे जंतू तिथंच खलास होतात. पण टीबीचा जंतू अट्टल. “ज्यानं धरलं त्याच्याच पोटात खोली करून राह्यतो,” काका म्हणाले. “भाडं न्हाई, उलट बालबच्चे वाढवून राह्यला.” मग शिपाई वर खबर धाडतो आणि जिल्ह्याहून जादा कुमक मागवतो. ही कुमक खास असते, त्या एकाच जंतूला ओळखणारी. पण ती पोचायला कैक हप्ते लागतात. एवढा उशीर का, म्हणून मी विचारलं, तर काका माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, जिल्ह्याची कुमक जल्दी आल्याचं तू कधी ऐकलंस का?

कुमक आली की सगळे मिळून जंतूभोवती कडं करतात आणि त्याला मधोमध कोंडतात. बहुतेक वेळा तो मरत नाही, पण हलताही येत नाही. माणूस ठणठणीत असतो, ना खोकला ना ताप, दुसऱ्यालाही त्याच्यापासून काही होत नाही. वर्षानुवर्षं असं चालतं. काका ह्याला नजरकैद म्हणत. फक्त पहारा ढिला पडता कामा नये. उपासमार झाली, म्हातारपण आलं, साखरेचा आजार जडला, की कडं तुटतं आणि जंतू फरार होतो.

साखरेचं नाव काढताना काकांचा आवाज एकदम खाली आला, कारण साखरेचा आजार त्यांना स्वतःला आहे. पण काकूंचे कान माझ्यापेक्षा तिखट. त्यांनी आतून बराबर ऐकलं.

झालं. त्या दिवसापासून काकूंनी ताट वेगळं केलं, तांब्या वेगळा केला, मागच्या खोलीत खिडकी उघडी टाकून, तोंडाला पदर लावून बसायला लागल्या. काकांना उंबऱ्याच्या आत यायची बंदी. गोळ्या नियमित घेतल्या की काही आठवड्यांत दुसऱ्याला लागण व्हायचा धोका फार कमी होतो, भांड्यांतून तर हा पसरतही नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. काकूंनी ते उडवून लावलं. “तिला काय जातंय बोलायला? तिचा नवरा हाय का साखरेचा?” त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. शहागडला त्यांचं माहेर. भावाच्या शेतात एक रिकामं घर आहे. गोळ्या संपेपर्यंत, म्हणजे काही महिने, तिथं एकटीनं राहायचं. दवाखान्यात जायचं तेवढं भाऊ नेईल. इथं काकांना तरी धोका नको.

काकांची सगळी ऐट उतरली. शेतातल्या घरात एकटी बाई काय शिजवणार, काय खाणार, गोळ्या चुकवल्या तर कोण बघणार? गोळ्या अर्धवट सोडल्या की जंतू जास्तच माजतो, हे त्यांना पाठ झालं होतं. पण ह्या माणसाला आयुष्यात विनंती कशी करतात ते माहीतच नाही. त्यांनी उंबऱ्यात उभं राहून, मी परवानगी देत न्हाई, असं जाहीर केलं. काकू पिशवी भरत राहिल्या.

त्यातच काकांची तपासणी निघाली. घरात कुणाला टीबी असला की बाकीच्यांचीही बघतात. हाताच्या आतल्या बाजूला कातडीखाली जंतूच्या अंशाची बारीक सुई टोचतात. शरीराची त्या जंतूशी आधी गाठ पडलेली असेल तर दोन-तीन दिवसांत तिथं सूज येते. काकांना हे फारच पसंत पडलं. म्हणाले, ही तर ओळख परेड. सिस्टरांनी बजावलं, इथं चोळायचं नाही, काही लावायचं नाही, काही बांधायचं नाही.

म्हणजे पुराव्याला हात लागता कामा नये, एवढंच काकांनी त्यातून घेतलं. घरी आल्या आल्या त्यांनी मला आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्याला पंच म्हणून बोलावलं, आमच्या देखत जागेचा पंचनामा केला आणि वर स्टीलची वाटी पालथी घालून ती उपरण्यानं करकचून बांधली. मी म्हणलं, काका, बांधू नका म्हणल्या ना त्या? तर म्हणे, वाटीचा मध्ये कुठं स्पर्श होतो? दोन रात्री वाटीसकट झोपले. जेवताना वाटी, अंघोळीला वाटी. दारावर भाजीवाली आली तरी हात पुढं धरून उभे, आणि त्या बिचारीला वाटलं काका ताक मागून राहिलेत.

दवाखान्यात मी सोबत गेले. सिस्टरांनी उपरणं सोडलं आणि दचकल्याच. हातावर बशीएवढी लाल गोल कड उमटली होती. मग त्यांना वाटी दिसली. हसू आवरून त्यांनी बोटानं चाचपलं, कारण लाल किती झालं ते मोजत नाहीत, घट्ट किती झालं ते मोजतात. वाटीच्या कडेच्या मधोमध खरी गाठ होती. ओळख पटली होती.

काकांच्या छातीचा फोटो मात्र स्वच्छ निघाला. आजार नाही, जंतू आत कोंडलेला आहे. साखर आहे म्हणून खबरदारीच्या गोळ्या घ्यायच्या, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. काकांनी एकच विचारलं, हा आत कधी आला, कुणाकडून आला? बाई म्हणाल्या, ते ह्या सुजेवरून कळत नाही. काल-परवाचा असेल नाही तर तरुणपणीचा. माझ्यासमोर, अगदी साफ शब्दांत त्यांनी हे सांगितलं.

रिक्षात काका स्वतःशीच काहीतरी पुटपुटत राहिले. मला तर त्यांची काळजीच वाटायला लागली.

घरी काकू पिशवी दारात ठेवून बसल्या होत्या. काकांचा हात बघितला आणि त्यांनी कपाळ धरलं. “मीच दिला ना तुमाला,” एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

काका उंबऱ्यापाशी गेले. ताठ उभे राहिले.

“गुन्हा मला कबूल हाय,” ते म्हणाले. “शहागडच्या चौकीत व्हतो तवा एक ट्रकवाला आत टाकल्ता. रातभर खोकून राह्यला बिचारा. म्या त्याला पाणी पाजत बसल्तो. मंग म्या बी महिनाभर खोकलो. तुला सांगितलं न्हाई. तू मला न्हाई, म्याच तुला दिला. तवा घर सोडायचं तर म्या सोडतो. तू बिलकुल जायचं न्हाई.”

काकूंचं रडणं जागच्या जागी थांबलं. त्यांनी पदरानं नाक पुसलं, काकांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि मग जी तोफ सुटली ती स्टेशनपर्यंत ऐकू गेली असेल. महिनाभर खोकलात आन् बायकोला सांगितलं न्हाई? आन् निघाले दुसऱ्याला शहाणपण शिकवायला! आता तुमच्या गोळ्या माझ्या नजरंसमोर घ्यायच्या, आन् चहातली साखर आजपासून बंद. तोफ चालू असतानाच त्यांनी पिशवीतली लुगडी परत कपाटात घातली. काका मान खाली घालून ऐकत होते, पण मिशीतलं हसू काही त्यांना लपवता येईना.

मग रोज सकाळी ओट्यावर गोळ्यांचा कार्यक्रम सुरू झाला. काकू आधी काकांना गोळ्या घ्यायला लावायच्या, तोंड उघडून दाखवायला लावायच्या, मग स्वतःच्या घ्यायच्या. काका उकडलेली अंडी आणि शेंगदाण्याचे लाडू काकूंच्या पुढं ठेवून, रसद आली, असं ओरडायचे. काकूंचा खोकला गेला, अंगावर मूठभर मांस चढलं, भांडणात पहिल्यासारखा दम आला. कोर्स पूर्ण झाला तेव्हा काकांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले, स्वतः मात्र काकूंच्या धाकानं एकही खाल्ला नाही.

परवा काकू ब्लाउज घेऊन माझ्याकडं आल्या. दंडात बसत नाही म्हणे, शिवण उसवून दे. मी खुशीत होते. बोलता बोलता म्हणलं, काकू, शहागडचा तो ट्रकवाला आडवा आला म्हणून बरं झालं, नाही तर तुम्ही गेलाच होतात.

काकू हसल्या. “मंगल, शहागड माझं माहेर हाय. तिथं ह्यांची बदली व्हावी म्हणून म्या देवीला नवस बोलल्ते. नोकरी सरली, पण एक दिवस बी तिथं ड्यूटी लागली न्हाई. जलमभर लोकांच्या खोट्या जबान्या पकडल्या, आन् स्वतःला एक धड देता आली न्हाई बघ.”

माझी मशीन थांबली. तेव्हाच का नाही बोललात, म्हणून मी विचारलं.

काकूंनी ब्लाउजची घडी उलगडून माझ्या हातात दिली.

“बोलले असते तर जावं लागलं असतं.”