जोडीतला उजवा मोजा

जो हात धडधाकट आहे त्याला मोजा घालायचा नाही, असं निवृत्त हेडक्लार्कने ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली.

पक्षाघाताने गेला होता तो डावा हात. त्यासाठी दवाखान्याने खांद्यापासून बोटांपर्यंत चढवायचा, बारीक मोटारींचा आधार दिला होता, आणि सोबत उजव्या हातासाठी एक पातळ मोजा. तो कशाला, हे फिजिओबाईंनी समजावलं होतं. पण समजून घ्यायची सवय त्याला नोकरीत कधी लागलीच नव्हती. त्याला हवं होतं एकच. आपल्या पायजम्याची नाडी आपण बांधायची. अख्खं ऑफिस नाचवलेल्या माणसाने रोज सकाळी पोट आत ओढून बायकोपुढे उभं राहायचं, याची त्याला मरणाची लाज वाटे.

उजवा मोजा त्याने भिरकावून दिला. (बायकोने उचलला. घरात भिरकावलेल्या वस्तूंचं खातं तिच्याकडेच होतं.)

दुपारी जेवून, आधार चढवून, बटण दाबून तो खुर्चीत बसला. काहीच होईना. डोळा लागणार तोच डावा हात आपला आपण उठला. बोटं काहीतरी धरल्यासारखी मिटली आणि हात हवेत गोल गोल फिरू लागला. आधी सावकाश, मग जोरात. मोटारींची किरकिर तेवढी ऐकू येत होती. मध्येच हात थांबला आणि एक बोट वर करून त्याच्या नाकासमोर दम देऊ लागला. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला.

त्याने बायकोला हाक मारली. ती हात पुसत आली तेव्हा हात मांडीवर गपगार पडलेला.

मग रोज तेच. बायको आली की हात मेल्यासारखा पडे. आपल्या हातात कुणीतरी शिरलंय आणि ते फक्त बायकोला घाबरतं, अशी त्याची खात्री झाली. (यात नवल नव्हतं. तोही घाबरायचाच.) तरी भीतीपेक्षा आशा मोठी होती. एकदा तो हाताला कुजबुजला, "बाबा रे, तू जो कोणी असशील तो. एवढी नाडी बांध."

हाताने मूठ वळून हवेत दाणदाण ठोकलं.

पुढे एका दुपारी फिजिओबाई आल्या, तेव्हा हात फिरतच होता. त्यांनी उजवा मोजा कुठाय विचारलं आणि थेट स्वयंपाकघर गाठलं. तिथे बायको भांडी घासत होती. गार पाण्याने बोटं आखडतात, म्हणून रबरी मोज्याच्या आत उबेला तो पातळ मोजा. उजवा मोजा हलेल तसा डावा आधार हलतो, जोडी त्यासाठीच होती.

"आणि ते बोट?" दोघी बाहेर आल्यावर त्याने विचारलं.

"घासताना मी जरा बोलते," बायको म्हणाली. "तुमच्याशीच."

फिजिओबाईंनी आधार काढला. हात कधी आपला नव्हताच, हे कळून त्याला रडू कोसळणारच होतं.

तेवढ्यात मांडीवरचा उघडा हात किंचित उचलला. ना मोटार, ना तार. बोटं अर्धवट मिटली आणि हात हळूहळू गोल फिरू लागला. बायको घाबरून मोरीपाशी पाहून आली. रबरी आणि पातळ, दोन्ही मोजे तिथे पडले होते, रिकामे.

"हा तुमचाच," फिजिओबाई हलकेच म्हणाल्या. "रोजचा सराव झाला, तेवढंच त्याला येतंय."

बायकोने पदराने डोळे पुसले, आत गेली आणि त्याच्या हाताखाली करपलेलं पातेलं आणून ठेवलं.

आता पातेली आरशासारखी निघतात. नाडी अजून बायकोच बांधते.