त्र्याण्णव नंबरचा रस्ता

रोझेट बोलेनाशी झाली, तेव्हा तिच्या नवऱ्याचं, लाम्बेर्तचं धाबं दणाणलं.

फेब्रुवारीत चेरीचं झाड छाटताना ती शिडीवरून पडली आणि तिचा खुबा मोडला, तेव्हासुद्धा तो इतका घाबरला नव्हता. हाड काय, डॉक्टर जोडतात. पण रोझेटने घराच्या पुढच्या खोलीत जन्मभर पार्लर चालवलं होतं आणि बायकांचे केस कापता कापता अख्ख्या गावाचा कारभार तिथूनच हाकला होता. तिच्या तोंडाचा पट्टा कात्रीच्या वरताण चालायचा. ती बाई आता पार्लरच्या त्याच जुन्या, वर-खाली होणाऱ्या खुर्चीत खिडकीशी बसून असायची आणि दिवसभरात 'हो' किंवा 'नको' एवढंच म्हणायची.

"आज कोणी गेलं का रस्त्यावरून?" लाम्बेर्त मुद्दाम विचारायचा.

"ट्रॅक्टर."

"कुणाचा?"

"बघितलं नाही."

ट्रॅक्टर गेला आणि रोझेटने तो कुणाचा हे बघितलं नाही! लाम्बेर्तने सूपाची वाटी बाजूला सारली. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी सांगून थकली होती की वॉकर घेऊन निदान फाटकापर्यंत तरी चाला. रोझेट म्हणायची, "फाटकापर्यंत जाऊन काय करू? फाटक बघू?"

एप्रिल उजाडला आणि बेल्जियमच्या त्या कोपऱ्यातल्या सगळ्या टेकड्या नाशपातीच्या फुलांनी पांढऱ्याशुभ्र झाल्या. त्यांना टेकड्या म्हणायचं ते शेजारच्या हॉलंडमधल्या सपाट मुलखातून आलेल्या लोकांनी. गाववाले त्यांना शेतच म्हणत. फुलं आली की सायकलवाले येत. बागांमधून त्यांच्यासाठी खास रस्ते होते, मोटारींना तिथे मज्जाव. प्रत्येक नाक्याला नंबर, आणि पुढच्या नंबराकडे बाण दाखवणारी पाटी. नंबर पाठ करायचे आणि पाटीमागून पाटी गाठत जायचं. पाटी दिसली नाही तर सरळ जायचं, हा एकच नियम.

त्या टापूतल्या पाट्या सांभाळायचं काम लाम्बेर्तकडे होतं. बिनपगारी, पण हिरवं जाकीट मिळालं होतं आणि त्या जाकिटाचा त्याला भारी अभिमान. पाट्या स्पंजने पुसायच्या, वाढलेल्या फांद्या कापायच्या, सैल झालेला बोल्ट आवळायचा. त्याच्या पाट्यांवर विसंबून डोळे मिटून जावं, असं लोक म्हणत.

पण त्या रस्त्यात एकच खोट होती. तो घराच्या वरच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर असलेल्या छोट्या चॅपेलपर्यंत यायचा आणि तिथून उजवीकडे वळून त्र्याण्णव नंबरकडे निघून जायचा. रोझेटला खिडकीतून चॅपेल दिसायचं. सायकलींच्या घंटा, हसणं, सगळं ऐकू यायचं. मग आवाज उजवीकडे विरत जायचे आणि ती पुन्हा मांडीवरच्या हातांकडे बघत बसायची. लाम्बेर्तला ते बघवत नव्हतं.

म्हणून एका रविवारी सकाळी तो नेहमीसारखा पाव आणायला निघाला आणि चॅपेलपाशी थांबून त्याने त्र्याण्णवचा बाण डावीकडे, आपल्या गल्लीकडे फिरवला. फार काही बिघडणार नव्हतं. लोक घरावरून उतरतील, खाली लिंडनच्या झाडाशी डावीकडे वळतील आणि मूळ रस्त्याला लागतील. एवढाच काय तो वळसा.

दहाच्या सुमाराला पहिली घंटा वाजली.

"लाम्बेर्त! माणसं!" रोझेट ओरडली.

आठ-दहा हॉलंडवाले एकसारख्या सायकलींवरून उतारावर आले. पुढे पिवळ्या जाकिटातला एक उंच गृहस्थ होता. रोझेटने हात हलवला, त्यांनीही हलवला. "त्या मागच्या बाईने केस घरी रंगवलेत," रोझेट म्हणाली. लाम्बेर्तला स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसावे लागले.

तासाभराने रोझेटने पुन्हा हाक मारली. "अरे, ते पिवळं जाकीट परत आलं!"

लाम्बेर्तने हातातली बशी तशीच खाली ठेवली. लिंडनच्या झाडाशी डावीकडे वळायचं हे त्याला ठाऊक होतं, जन्मभर तो तिथे वळत आला होता. पण तिथे पाटी नव्हती! आणि पाटी नसली की सायकलवाला सरळ जातो. सरळ रस्ता बागांना वळसा घालून, टेकडी चढून पुन्हा चॅपेलपाशी यायचा. तिथे लाम्बेर्तचा बाण त्यांना परत खाली धाडायला उभाच होता.

"मी जरा पाट्या पुसून येतो," तो जाकीट चढवत म्हणाला.

"आज? रविवारी? गुपचूप बस. मला खुर्ची वर करून दे, नीट दिसत नाही."

त्याने खुर्ची वर केली. तेवढ्यात मागून आणखी काही मंडळी आली, बाळाला गाडीत घालून ओढणारं एक जोडपंही आलं. तिसऱ्या फेरीला हॉलंडवाल्यांनी हात हलवायचं सोडून दिलं होतं.

"ही गाय आपण मघाशी बघितली होती," घरी केस रंगवलेली बाई म्हणत होती.

"बेल्जियममधल्या गाई सगळ्या सारख्याच असतात," पिवळं जाकीट धापा टाकत म्हणालं.

रोझेटने खिडकी उघडली. "अहो, दमलात की! या आत. लाम्बेर्त, फ्रीझरमधल्या चेरीच्या व्लाय काढ. कॉफी टाक, मोठ्या पातेल्यात!"

दुपारपर्यंत अंगण भरून गेलं. हॉलंडवाल्यांनी आपापल्या डब्यांतून आपापले सँडविच काढले आणि वर रोझेटची व्लाय, म्हणजे चेरी भरलेला तो गोड, चपटा पाय, तोही साफ केला. रोझेट खिडकीतून एकेकाची चौकशी करत होती, कुणाची सून कशी आहे इथवर मजल गेली होती. लाम्बेर्त कॉफीची किटली घेऊन धावत होता. तिचा आवाज ऐकला की त्याला आनंदाने भरून यायचं आणि चॅपेलकडे नजर गेली की तो घाईने पाठ फिरवायचा.

"बाई, हा त्र्याण्णव नंबर आहे तरी का तुमच्या देशात?" पिवळ्या जाकिटाने विचारलं.

"आहे की. सरळ जा," रोझेट म्हणाली. "अगदी सरळ."

लाम्बेर्तला ठसका लागला. डावीकडे म्हणावं, तर का म्हणून तेही सांगावं लागणार. मंडळी बिचारी सरळ गेली.

तीनच्या सुमाराला इल्से आली. ती या सगळ्या रस्त्यांची मुख्य. तक्रारींचे फोन घेऊन तिचा कान लाल झाला होता. तपासणीसाठी ती स्वतः सायकलवरून नियमाप्रमाणे निघाली आणि खिडकीत रस्ता विचारून घरावरून पुढे गेली. बऱ्याच वेळाने परत घरावरून गेली. त्यानंतर मात्र तिने फाटकाशी सायकल आदळली.

"लाम्बेर्त, चॅपेलची पाटी कुणी फिरवली?"

"वारा... परवा फार सुटला होता."

"वाऱ्याच्या हातात पाना होता का?"

लाम्बेर्तचा हात आपसूक जाकिटाच्या चेनकडे गेला. आता ते उतरवून द्यावं लागणार, हे त्याला कळून चुकलं होतं.

"त्याला काय विचारता? मला विचारा," खिडकीतून रोझेट म्हणाली. "सकाळी पाव आणायला निघाला तो पिशवीत पाना घालून. मला वाटलं, बेकरीवाल्याशी भांडण झालं की काय. मग वर चॅपेलपाशी खांबाशी झटापट करताना दिसला."

"तू बघत होतीस?" लाम्बेर्तने विचारलं.

"मला दुसरा काय उद्योग आहे? आणि खालच्या कोपऱ्यावर पाटी लावायला विसरलास, हे पिवळं जाकीट परत आलं तेव्हाच ओळखलं मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर निघून गेले असते ना सगळे," रोझेट हळूच म्हणाली.

मग इल्सेला एकदम आठवलं. "पण मघाशी मी तुम्हाला रस्ता विचारला, तर तुम्हीच मला सरळ जा म्हणालात!"

"म्हणाले. तुमचे केस कुणी कापलेत हो? मागून एक बाजू लांब राहिलीय. मला परत एकदा नीट बघायचे होते."

इल्सेने मानेवरून हात फिरवला. बाजू खरंच लांब होती. ती पायरीवर बसली आणि तिने व्लायचा एक तुकडा खाल्ला, मग दुसरा. "पाटी आत्ताच्या आत्ता सरळ करा," शेवटी ती लाम्बेर्तला म्हणाली. "जाकीट ठेवा. आणि मी इथून दोनदा गेले, हे ऑफिसात कुणाला कळता कामा नये." जाण्याआधी रोझेटने तिला खुर्चीपाशी खाली बसवून ती बाजू सारखी करून दिली.

लाम्बेर्तने पाटी सरळ केली. आठवडाभर रोझेट बोलत होती, पण येणारा रविवार पुन्हा सुना जाणार, या विचाराने त्याला रोज धास्ती वाटत होती.

रविवारी तो पाव घेऊन परतला तर खुर्ची रिकामी! वॉकरही नाही. पिशवी टाकून तो बाहेर धावला. फाटक सताड उघडं होतं. आणि वरून घंटा ऐकू येत होत्या.

चॅपेलच्या बाकावर, वॉकर शेजारी उभा करून, रोझेट बसली होती. घामाने केस कपाळाला चिकटले होते. समोर सायकलवाल्यांचा घोळका.

"पण बाई, पाटी तर उजवीकडे दाखवतेय," एक जण म्हणत होता.

"पाटीचं काय घेऊन बसलात? ती माझा नवरा लावतो. गेल्याच रविवारी चुकली होती, कुणालाही विचारा. तुम्ही खाली जा. हिरवं फाटक दिसेल, कॉफी तयार असेल. ती प्या, आणि मग लिंडनच्या झाडाशी डावीकडे."

मग तिला लाम्बेर्त दिसला.

"उभा काय राहिलास? पाणी ठेव जा कॉफीला! आणि मी इथवर चढून आले, हे त्या व्यायामवाल्या पोरीला सांगू नकोस, नाहीतर रोज चढायला लावेल."

लाम्बेर्तने एकदा तिच्याकडे बघितलं, आपल्या सरळ पाटीकडे बघायचंही त्याला भान राहिलं नाही, आणि हिरवं जाकीट सावरत तो सायकलवाल्यांच्या आधी घर गाठायला उतारावरून धावत सुटला.