मान तुमचा, आतडं माह्यं!

लग्नाच्या पंगतीत वाढपी पोळ्या घेऊन आला, की आमच्या शेजारच्या अनसूयाकाकू पानावर आडवा हात धरायच्या आणि पिशवीतून स्वतःची ज्वारीची भाकर काढायच्या. आमच्या जळगाव जामोदकडे पाहुण्याला भाकर वाढणं म्हणजे 'उद्या निघा' असं सांगणं. आणि इथं पाहुणीच भाकर घेऊन आलेली! यजमानांचं तोंड एवढंसं व्हायचं. काकू मजेत जेवायच्या.

"अर्धी तरी घ्या, आमच्या मानासाठी," अशी कुणी गळ घातलीच, तर उत्तर ठरलेलं. "मान तुमचा, आतडं माह्यं!"

पूर्वी काकूंच्या अंगात रक्तच नव्हतं. चेहरा पांढराफटक; एक घागर आणली की उंबऱ्यात बसायच्या. गोळ्या झाल्या, टॉनिक झालं, सासूबाईंची लोखंडी कढई झाली. इतकं लोखंड पोटात गेलं, की लोहारानं दारात भाता मांडावा. गुण काही येईना. शेवटी नागपूरच्या एका डॉक्टरनं सांगितलं, "तुमच्या आतड्याला गहू सोसत नाही. त्यानं ते खराब झालंय, म्हणून लोह अंगी लागत नाही. गहू जन्मभर बंद."

गाव हसलं. गव्हानं कुणी आजारी पडतं होय? काकूंनी गहू सोडला. वर्षभरात गालांवर रंग आला आणि आवाजही चढला.

हसला नाही तो एकच, मलकापूरचा त्यांचा थोरला भाऊ गणपत. त्याच्या लेकीच्या लग्नात काकूंनी व्याह्यांसमोर भाकर काढली, तसा तो चिडला.

"बहिनीले पोळी घालत नाही म्हनतीन ना लोकं! ठेव ते आत!"

काकूंनी तिथंही तेच उत्तर दिलं. अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात. त्या वर्षी काकूंना बोलावणं आलं नाही. पुढंही नाही.

तरी दर अखजीला त्या नवं लुगडं नेसून ओट्यावर बसायच्या, एस.टी.च्या वाटेकडे तोंड करून.

"वाट पाहून राह्यल्या काय, काकू?"

"कोनाची? हवा घेऊन राह्यली."

ऐन वैशाखात आमच्याकडे कसली आलीय हवा!

एका अखजीला गणपतभाऊ खरंच आला. फडक्यात बांधलेली भाकर त्यानं पुढं केली. "तुह्या वहिनीनं खास तुह्यासाठी केली. मऊ लागावी म्हनून जराकसं गव्हाचं पीठ घातलं."

काकूंनी भाकर कपाळाला लावली आणि परत त्याच्यापुढं धरली. "नाही चालत, भाऊ." डोळे भरून आले होते, पण पुढं केलेला हात त्यांनी मागं घेतला नाही. मला वाटलं, तुटलं आता माहेर.

"इतकुसंबी नाही?"

"इतकुसंबी नाही."

भावानं भाकर घेऊन परत फडक्यात बांधली. मग म्हणाला, "मंग तुह्यं पीठ कुठी हाय?"

थोड्या वेळानं दोघं स्टँडकडे निघाले. काकू पुढं, मोकळ्या हातानं. मागं गणपतभाऊ, खांद्यावर ज्वारीच्या पिठाचा डबा.

"काय नेऊन राह्यले, भाऊ?" कुणीतरी हटकलं.

सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा तो ओरडला, "बहिनीचं पीठ! तिले गहू चालत नाही!"