महादेवभाऊंची सावड

महादेवभाऊ बोळ्यांना मनातल्या मनात वाचता येत नसे. अक्षर दिसलं की त्यांचं तोंड सुटायचं. स्टेशनावरची नोटीस असो, तेलाच्या डब्यावरचा छाप असो की कॉलेजातलं जाडजूड इंग्रजी पुस्तक असो, ते खड्या आवाजात वाचायचे. वाचून झालं की शेजारी जो असेल त्याच्याकडे वळून विचारायचे, "काय समजलं? तुह्या तोंडानं सांग." शेजारी कोण आहे याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. बडनेऱ्याला गाडी बदलताना एकदा त्यांनी रेल्वेच्याच तिकीट तपासनिसाला रेल्वेचा नियम वाचून दाखवला आणि त्याची परीक्षा घेतली. त्या बिचाऱ्याला धड सांगता येईना. मग भाऊंनी त्याला पहिल्यापासून समजावलं, आणि तेवढ्यात आमची अमरावतीची गाडी निघून गेली.

ही गोष्ट वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची. कॉलेज अमरावतीला आणि परीक्षेचे पेपर नागपूरचे. इंटरच्या वर्षाला आम्ही चौघं अंबागेटाच्या आत एका माडीवर खोली घेऊन राहत होतो. मी मोर्शीचा, घरी संत्र्याची बाग. श्रीधर अकोल्याच्या वकिलाचा मुलगा. तो लहानपणी पुण्याला मामाकडे राहिलेला, त्यामुळे आमचं 'मले-तुले' कानावर पडलं की त्याला शिसारी यायची. किसन रिद्धपूरचा, महानुभाव घरातला. पोथी ऐकत वाढलेला पोरगा, साधा रजेचा अर्ज लिहायला बसला तरी त्यात भक्तिभाव यायचा. आणि महादेवभाऊ बार्शीटाकळीचे, मळेवाले. मधली काही वर्षं वांग्या-मिरच्यांत गेलेली, त्यात इंटरला एकदा आपटलेले, म्हणून आमच्याहून बरेच मोठे. म्हणून ते भाऊ.

त्यांच्या वडिलांनी बजावलं होतं की यंदा पास झाला तर पुढं शीक, नाही तर मुकाट्यानं मळ्यात ये. बाप काही वाईट नव्हता. म्हातारा थकला होता, एवढंच. पण भाऊंना आपल्या गावात इंग्रजी शाळा काढायची होती. आमच्या गावचे पोट्टे मराठी चौथी झाले की म्हशीमागं जातात, असं ते सांगायचे, आणि सांगताना त्यांचा आवाज उतरायचा. शाळा काढायची तर बी.ए. व्हायला हवं आणि बी.ए. व्हायचं तर हे इंटर निघायला हवं. सगळं त्या एका परीक्षेवर येऊन थांबलं होतं.

पहिल्याच आठवड्यात आम्ही तिघं तीन कोपऱ्यांत तीन पुस्तकं घेऊन बसलेले पाहून ते कासावीस झाले.

"एकट्यानं जेवू नाही अन् एकट्यानं वाचू नाही," ते म्हणाले. "सावड करू."

श्रीधरला सावड ठाऊक नव्हती. भाऊंनी त्याच्याकडे पुण्याच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि समजावून दिलं. आज सगळ्यांनी मिळून तुझं वावर निंदायचं, उद्या त्याचं, परवा माझं. माणूस माणसाच्या कामाला येतो, त्याला सावड म्हणतात. अभ्यासाचंही तसंच करायचं. एक दिवस एकाचा. त्या दिवशी त्याचा धडा सगळ्यांनी मोठ्यानं वाचायचा, प्रत्येकानं आपल्या तोंडानं अर्थ सांगायचा, मग त्याचा निबंध सगळ्यांनी मिळून लिहायचा आणि शेवटी निंदण करायचं. निंदण म्हणजे फालतू शब्द उपटायचे. ते काम भाऊंचं आवडतं. किसनच्या निबंधातून ते विशेषणं मुळासकट काढायचे. "हे काय गवत माजवून ठेवलं बे," असं पुटपुटत.

खोटं कशाला सांगू, मला वाचायला त्या खोलीत आलं. तोवर मी पुस्तक पाठ करत होतो. पाठ केलेलं भाऊंपुढं चालायचं नाही. मी पोपटासारखं म्हणून दाखवलं की ते शांतपणे म्हणायचे की हे पुस्तकाचं झालं, आता तुझं सांग. एका रात्रीत नाही, पण दिवाळीपर्यंत मला माझं सांगता यायला लागलं. श्रीधरचं इंग्रजी उंटावरून खाली उतरलं. किसन देवाला न आळवता एक पान लिहू लागला. बाप्पा, तो तर चमत्कारच होता.

आता गोम कुठं होती ते सांगतो. सावडीची बोळ्यांच्या घरची एक रीत होती. ज्याचं वावर त्यानं त्या दिवशी खुरपं धरायचं नाही. त्यानं मजुरांना पाणी द्यायचं, जेवू घालायचं, हवं-नको बघायचं. दुसऱ्याला आपल्या बांधावर बोलवायचं आणि त्याच्याबरोबर आपणही वाकून बसायचं, मग पाहुण्याकडे बघणार कोण? आमच्या तिघांच्या पाळीला आम्ही ही रीत गुंडाळून ठेवायचो. चिवडा नाही तर फुटाणे पुढं टाकायचे आणि लिहायला बसायचं. भाऊंच्या पाळीला मात्र रीत म्हणजे रीत. सकाळीच ते मागच्या परसात गोवऱ्या पेटवायचे. त्यात कणकेचे जाड रोडगे भाजायचे, मळ्यातून आलेल्या वांग्यांची झणझणीत भाजी करायचे, आणि आम्ही वर बसून त्यांचा धडा वाचायचो, त्यांचा निबंध लिहायचो. खालून मधूनच आवाज यायचा, "पोट्टेहो, समजून राहिलं न?" आम्ही हो म्हणायचो. मग पंगत बसायची. आधी पोटोबा मग विठोबा, आणि त्या रोडग्यांनंतर विठोबाची कोणाला आठवण राहणार? आम्ही तूप ओढून जे आडवे व्हायचो ते दिवस मावळेपर्यंत.

अशा रीतीनं महादेवभाऊंचे सगळे निबंध फर्मास झाले आणि त्यातला एकही त्यांनी लिहिला नव्हता. ते स्वच्छ अक्षरात उतरवून काढायचे तेवढं. इंग्रजीचे प्रोफेसर हुशार होते. एकदा वर्गात निबंध परत देताना ते म्हणाले की मिस्टर बोळे, तुमच्या निबंधात तीन वेगवेगळी माणसं राहतात आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. वर्ग हसला. भाऊही हसले. त्यांना ती शाबासकी वाटली. तीन माणसं एका घरात राहतात यात त्यांच्या लेखी वाईट काय होतं?

आम्ही त्यांना सांगितलं नाही असं नाही. श्रीधरनं तर हात जोडून सांगितलं की महादेवभाऊ, तुमच्या पाळीला चुलीपाशी मी बसतो, तुम्ही वर बसून लिहा. भाऊंचा चेहरा पडला. ते म्हणाले की माझ्या बांधावर आलेल्या माणसाला मी उपाशी ठेवू? लोक काय म्हणतील? कोण लोक, देव जाणे. अमरावतीत त्यांना ओळखणारे आम्ही तिघंच होतो. त्या दिवशी त्यांनी रागानं भाजीत तिखट जास्त टाकलं आणि आम्ही डोळ्यांतून पाणी काढत जेवलो. पुन्हा कोणी विषय काढला नाही.

परीक्षा आली. इंग्रजीच्या पेपराला भाऊ माझ्या पुढच्या बाकावर होते. त्यांनी सवयीनं पहिला प्रश्न मोठ्यानं वाचला आणि देखरेखीवरच्या साहेबांनी येऊन दटावलं. मग ते गप्प बसले ते गप्पच. माझी मान खाली होती, मी भराभर लिहीत होतो. बाहेर आल्यावर व्हरांड्यात त्यांनी आम्हाला अख्खा पेपर उलगडून दाखवला. कवितेवरचा प्रश्न त्यांनी असा काही समजावला की श्रीधर, जो सहसा कुणाची तारीफ करत नसे, तो म्हणाला की भाऊ, हे असंच लिहिलं असेल तर तुम्ही पहिले येता. भाऊ म्हणाले, "तुमी सारे पास होता पहा."

उन्हाळ्यात निकालाचा दिवस ठरला. निकालाचं वर्तमानपत्र नागपूरच्या गाडीनं येणार होतं, म्हणून आम्ही तिघं सकाळीच अमरावती स्टेशनावर जमलो. भाऊ बार्शीटाकळीहून निघून आधीच येऊन बसले होते. धोतर धुतलेलं, डोक्याला नवी टोपी, मांडीवर ओल्या फडक्याचं गाठोडं. वर्तमानपत्र यायच्या आधीच त्यांनी ते सोडलं. आत मोगऱ्याचे हार होते, आदल्या रात्री स्वतः ओवलेले. त्यांनी एक माझ्या गळ्यात घातला, एक श्रीधरच्या, एक किसनच्या. फडकं रिकामं झालं.

"तुमचा कुठाय?" किसननं विचारलं.

भाऊंनी फडकं झटकलं, घडी घातली.

"माह्यं निंघत नाही, राजा," ते म्हणाले. "सारं समजत होतं. पहिलं वाक्य कोणी म्हणन, मंग मी पुढं नेईन, म्हणून वाट पाहून राहिलो. पेपर घेऊन गेले."

गाडी आली, वर्तमानपत्र आलं. आमचे तिघांचे नंबर होते. त्यांचा शोधायची गरज नव्हती, तरी श्रीधरनं दोनदा सगळा रकाना पाहिला. त्याला रडू आवरेना. पुण्याचा तो शिष्ट पोरगा प्लॅटफॉर्मवर भाऊंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, आणि भाऊच त्याची पाठ थोपटत होते. मी म्हणालो की पुन्हा बसा, आम्ही येतो, तुम्हाला लिहायला लावतो. ते हसले. मळ्यात पाणी सोडायला माणूस नाही, म्हणाले. म्हातारा खाटेला लागला होता.

परतीच्या गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी मनातलं बोलतील, मळ्याचं, शाळेचं. त्यांनी विचारलं, "आता बी.ए.ले तुमी कोणासंगं वाचसान?"

त्यांच्यासमोर त्या वेळी म्हणायला हवं होतं की तुमच्यासारखं कोणी नाही, तुम्हीच कोणासंगं वाचाल ते सांगा. गाडी हलली तशी मी नुसता हात हलवला.

आम्ही तिघंही पुढं बी.ए. झालो. श्रीधर त्याच्या काकांच्या बंगल्यात राहिला, किसन वसतिगृहात, मी दुसऱ्या एका माडीवर. तिघंही दार लावून मनातल्या मनात वाचत होतो.