पोटातले किरायदार

देवानंदभाऊ स्वतःच्या पोटाशी बोलतात. मनातल्या मनात नाही, चांगलं खणखणीत, गल्लीला ऐकू जाईल असं. "शांत बसा ना बे! आत्ताच तं ताक पाजलं तुमाले!"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, घरी कोणाची तरी पोरं आली आहेत.

मारेगावात आमची भिंतीला भिंत. जिनिंग मिलवर कापसाची गाडी खाली करताना भाऊ वरून पडले, मणका गेला. आता पायाला चिमटा काढला तरी कळत नाही. पण तेच पाय दिवसभर निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळतात. त्यामुळे माणूस एका जागी थांबत नाही. चाकाची खुर्ची ओट्यावरून अंगणात, अंगणातून फाटकाशी, की परत. माझं एक वाक्य संपेपर्यंत मी भिंतीशी बोलत असतो.

यवतमाळच्या डॉक्टर मॅडमनी एकदा सांगितलं, मणक्याला इजा झाली की आतड्यातले जंतूही बदलतात. चांगले कमी होतात, आणि उरलेले दुखणं वाढवत असावेत. संशोधन चालू आहे, अजून पक्कं नाही. यातलं 'अजून पक्कं नाही' तेवढं सोडून भाऊंनी सगळं पाठ केलं.

"सर, म्हणजे पाय बिचारे चांगले हायेत. पोटातले किरायदारच बदमाश निंगाले!"

मग दही, ताक, ज्वारीची आंबील. आणि एक दिवस दुखण्यावरच्या गोळ्याच बंद. "किरायदार सुधरून राह्यले, आता गोळ्या कायले?"

आठवडाभरात त्यांचं विव्हळणं भिंतीपलीकडे येऊ लागलं. करुणावहिनींचा डोळ्याला डोळा लागेना. शेवटी मी गाडी करून दोघांना यवतमाळला नेलं. मॅडम तापल्याच. "ताक प्या, भाकरी खा, पण मला न विचारता गोळी बंद करायची नाही!"

आता गोळ्याही आहेत आणि ताकही. पोट सुधारलं. पायांची आग एखाद्या दिवशी कमी, एखाद्या दिवशी तशीच.

परवा दुपारी गेलो, तर भाऊ ओट्यावर चक्क स्थिर. कपाळावर घाम, दात आवळलेले. वहिनी खाली बसल्या बसल्याच, भाऊंच्या गुडघ्यावर हात टाकून झोपी गेल्या होत्या.

"आग होतेय?"

"लय."

"मग जरा खुर्ची फिरवा की."

"हळू बोला, सर. उठन ते." ते वहिनींच्या हाताकडे बघत राहिले. "हा हात गुडघ्याले समजत नाही. पण दिसून राह्यला ना."