कडेबाहेरचा रंग

माझ्या धाकट्या बहिणीच्या, शकूच्या, लग्नपत्रिकेला हळदी रंगाची किनार मी स्वतः आखली, अगदी कागदाच्या कडेला टेकवून. वर धोंडूनानांना बजावलं, "रेघेबाहेर ठिपकासुद्धा नको." नमुना हातात आला तेव्हा एका बाजूला पांढरी फट! हसऱ्या तोंडातला दात पडावा तशी.

"सुरी रेघ वाचत नाय, मास्तर," नाना म्हणाले.

पनवेलच्या खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीत नानांचा छापखाना होता आणि हे त्यांचं ब्रीदवाक्य. कागद मोठा घ्यायचा, रंग कापायच्या रेघेपलीकडे जाऊ द्यायचा, मग कापायचं. सुरी जराशी सरकली तरी फट राहत नाही. इथवर ठीक. पण नाना जगतही तसेच. चहा बशीत सांडेपर्यंत ओतत. दारातली रांगोळी रस्त्यावर जाई आणि टांगेवाले शिव्या देत. सदरा असा ऐसपैस, की त्यात मीही मावलो असतो.

गावातल्या प्रत्येक लग्नाचं आमंत्रण त्यांना असे. जात मात्र कुठंच नसत. या लग्नाला तरी त्यांनी यावंच, असा माझ्या बायकोचा हट्ट. शकू त्यांच्याच ओट्यावर खेळून मोठी झालेली.

"येणार ना, नाना?"

"बगू. आदी पत्रिका तर धड होऊ दे, वयनी."

नव्या पत्रिका देखण्या झाल्या. नाना लग्नाला आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी लाडवांचा डबा घेऊन मी त्यांच्या घरी गेलो, भांडायच्याच तयारीनं. दार उघडं होतं. चौकटीला कागदी तोरण: पत्रिकांच्या कापून उरलेल्या कडा, निळ्या, हिरव्या, गुलाबी. खाडीच्या वाऱ्यावर सगळं संथ हलत होतं, घर जणू पाण्याखाली असावं तसं.

"ही निली पलस्पे गावची पोर. ही आपट्याची," नाना म्हणाले. हातातली हळदी कड ते दोऱ्यात ओवत होते. "न् ही आपली शकू."

"मग आला का नाहीत?"

"पोरीची पाठवनी बगवत नाय, मास्तर. आमची चंदी लानपनीच गेली. तिची पत्रिका छापायची राह्यली."

मी डबा ठेवला आणि भांडण तसंच घेऊन परत आलो.

बायकोला सगळं सांगितलं. तिनं निवडायच्या तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "शकू परवा माहेरी येतेय ना? टांगा आधी नानांच्या दारात थांबवा. तोरण तिथं लागलंय."