एकट्याने फिरण्याची बॅग

बायको जाऊन सहा महिने झाले, तेव्हा मीटरभाऊंना मोकळं करण्याचा निर्णय घरात एकमताने झाला. मीटरभाऊ त्या बैठकीला नव्हते. ते आत सगळ्यांसाठी चहा करत होते.

पाणीपुरवठा खात्यात लोकांच्या दारचे मीटर वाचण्यात त्यांची हयात गेली, म्हणून ते मीटरभाऊ. खरं नाव गल्ली विसरली होती, आणि त्या नावाची आठवण ठेवणारी आता नव्हती.

"भाऊजी, पाठीवर एक बॅग टाका आणि निघा," मेहुणी म्हणाली. "चार दिवस हिंडा डोंगरात. मनावरचं ओझं उतरेल बघा."

पाठीवर चढवल्याने मनावरचं कसं उतरतं, हे मीटरभाऊंना कळलं नाही. पण नोकरीत त्यांनी याहून अवघड परिपत्रकं पाळली होती. शिवाय घरात बसून काय होतं, तेही सहा महिने पाहून झालं होतं. खरंच उतरलं तर त्यांना हवंच होतं. ते दुकानात गेले.

"किती लिटरची देऊ, काका?" दुकानातल्या पोऱ्याने नव्हे, चांगला टाय लावलेल्या विक्रेत्याने विचारलं.

"पाणी न्यायचं नाहीये मला."

"बॅग लिटरमध्येच मोजतात, काका. सोलो ट्रिप ना? आजकाल सोलोचंच चाललंय. लोक मुद्दाम करतात."

"माझं आपोआप झालं."

"मस्त! मग चाळीस लिटर बास."

चाळीस लिटर म्हणजे दोन बादल्या. दोन बादल्यांत एका माणसाचं भागतं, हे खात्याच्या नियमाला धरून होतं. मीटरभाऊंनी बॅग घेतली.

घरी येऊन त्यांनी सामान काढलं. दोन टॉवेल, दोन ताटल्या, दोन पेले, दोन पांघरुणं. मुलगी दारात उभी राहून बघत होती.

"बाबा, पेले दोन कशाला?"

"एक फुटला तर?"

"स्टीलचा आहे तो."

"म्हणूनच म्हटलं, असू दे."

मुलीने आत जाऊन रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं आणि म्हणाली, "हेही असू दे." मेहुणीने गरम पाण्याची पिशवी दिली, आणि ती फाटली तर म्हणून दुसरीही दिली. शेजारचे बँकवाले दोरखंड, शिट्टी आणि घडीची खुर्ची घेऊन आले. "मीटरभाऊ, डोंगरात माणूस दमतो. खुर्ची हवीच." माणूस खुर्ची वाहून दमेल, हा मुद्दा मीटरभाऊंनी मांडला. "म्हणून तर बसायला खुर्ची!" बँकवाले म्हणाले. तिथे वाद संपला.

चाळीस लिटरमध्ये हे मावेना. बॅग बदलून साठची आणली, ती बदलून नव्वदची. नव्वदची बॅग कोपऱ्यात उभी केली तर पाहुणा आल्यासारखी दिसत होती. येणारा-जाणारा तिला आधी नमस्कार करी.

"एक सांगतो, काका," नव्वदची देताना विक्रेता म्हणाला होता. "ही एकट्याने चढवायची नाही. कंबर धरते. मागून एकाने उचलून द्यायची, उतरवतानाही मागून एकाने धरायची."

"पण ही एकट्याने फिरायची बॅग ना?"

"फिरायचं एकट्याने. चढवायची-उतरवायची दोघांनी. पुस्तिकेत लिहिलंय तसं."

जायच्या दिवशी बँकवाल्यांनी मागून उचललं, मेहुणीने पट्टे आवळले, मुलीने समोरून हात धरले.

"बाबा, श्वास येतोय ना?"

"येतोय. जात नाहीये."

"जाईल हळूहळू. सवय होते."

बसमध्ये त्यांना टेकून बसता येईना, म्हणून ते उभे राहिले आणि सीटवर बॅग बसली. डोंगराखालच्या गावी उतरल्यावर स्टँडवर एक भला माणूस दिसला. मीटरभाऊ म्हणाले, "जरा मागून धरता का? एवढी उतरवायची होती."

त्या माणसाने आजूबाजूला पाहिलं. "बरोबर कोणी नाही का तुमच्या?"

"येतेय मागून," मीटरभाऊ म्हणाले, आणि पुढे चालू लागले. त्यानंतर त्यांनी कोणाला विचारलं नाही.

लॉजचा मॅनेजर नियमाने चालणारा होता. "सामान खोलीत न्यायला बंदी आहे. सामानखोलीत ठेवा."

"हे माझ्यापासून सुटत नाही."

"आमच्या माणसांनी गिऱ्हाइकाच्या सामानाला हात लावायचा नाही. चोरीचे आळ येतात."

"मग?"

मॅनेजरने विचार केला. नियम मोडता येत नव्हता, गिऱ्हाईकही सोडता येत नव्हतं. त्याने मीटरभाऊंना सामानखोलीत ठेवलं, बॅगेला बिल्ला अडकवला आणि बिल्ल्याचा दुसरा अर्धा भाग मीटरभाऊंच्या हातात दिला. "हरवू नका. हा दाखवल्याशिवाय तुम्हाला बाहेर सोडता येणार नाही."

चार दिवस मीटरभाऊ तिथेच होते. ते दाराकडे तोंड करून बाकावर कुशीवर टेकत. खिडकी मागे होती, त्यामुळे डोंगर त्यांना दिसला नाही. बॅगेला छान दिसला असावा.

परत आले तेव्हा तिघंही दारात होती.

"वा भाऊजी! चेहरा कसा खुललाय!" मेहुणी म्हणाली. ओझं वाहून चेहरा लाल झाला होता. "झालात ना मोकळे?"

मीटरभाऊ बॅगेसकट चौकटीत अडकले होते. आत येईनात, बाहेर जाईनात. मागून कोणी धरायला हवं होतं. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि तिघांचे चेहरे पाहिले. तिघांना फार बरं वाटत होतं.

"झालो," ते म्हणाले.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" बँकवाले म्हणाले, आणि मीटरभाऊंच्या काखेखालून वाकून घरी गेले. मेहुणीला उशीर झाला होता. मुलीचा फोन वाजत होता.

मीटरभाऊ खोटं बोलले, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. परवा रस्त्यात ओळखीच्या एकाने तुम्हाला चालता चालता विचारलं, "काय, बरं ना?" तुम्ही म्हणालात, "एकदम मस्त! तुमचं?" त्यानेही काहीतरी उत्तर दिलं.

काय म्हणाला तो?